एक्याऐंशी लाख प्रती आणि काकांची ट्रंक

एसटीत असाल, जिममध्ये असाल किंवा घरी भांडी घासत असाल, इअरफोन नीट लावा. आज पैशांचा विषय आहे आणि त्यातले काही पैसे माझे आहेत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तर माझ्याकडे झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा डबा आहे. त्यात कॉमिक्स आहेत, कोरी करकरीत, प्रत्येक प्रत वेगळ्या पिशवीत. गोष्ट २०२१ ची. वर्क फ्रॉम होम चालू होतं आणि मी मालवणजवळच्या आमच्या गावी होतो. दिवसभर कोडिंग आणि रात्री कॉमिक्सवाल्यांचे ऑनलाइन ग्रुप. तिथे रोज कोणीतरी टाकायचं, ‘हा जुना अंक इतक्या हजाराला गेला’, ‘तो तितक्या हजाराला गेला’. मग नवीन अंकांच्या जाहिराती यायच्या. ‘लिमिटेड’, ‘कलेक्टर्स एडिशन’, एकाच गोष्टीची तीन वेगवेगळी कव्हर. मला वाटलं, जुने अंक एवढ्याला जातात, तर आजचे नवे अंक दहा वर्षांनी जुने होणारच ना? साधं लॉजिक. मी एकेका अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेत गेलो. असे एकूण अडतीस हजार रुपये घातले.

कुरियरवाला तिसऱ्यांदा आला तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला होता. “रे, एकच पुस्तक धा येळा कित्याक घेतलंस? वाचूक एक पुरता नाय?”

मी तिला समजावायला लागलो की आजी, ही इन्व्हेस्टमेंट आहे. ती हसली आणि आत गेली.

माझं लॉजिक नेमकं कुठे चुकलं, हे समजून घ्यायला आपल्याला आधी अमेरिकेत जावं लागेल. हीच चूक तिथे लाखो लोकांनी एकदम केली होती आणि त्यात एक अख्खा धंदा बसला होता.

दहा सेंटचं पुस्तक

१९३८ साली अमेरिकेत ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक आला. त्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला. किंमत होती १० सेंट. २०१० मध्ये या अंकाची एक प्रत १० लाख डॉलरला विकली गेली. २०१४ मध्ये दुसरी एक प्रत ३२ लाख डॉलरला आणि २०२४ मध्ये आणखी एक तब्बल ६० लाख डॉलरला.

हा आकडा ऐकला की डोकं फिरतं. पण आता दुसरे दोन आकडे ऐका. त्या अंकाच्या साधारण २ लाख प्रती छापल्या होत्या. त्यातल्या आज शंभरच्या आसपास शिल्लक असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

मग बाकीच्या कुठे गेल्या? पोरांनी वाचल्या, फाडल्या, एकमेकांना दिल्या. दुसऱ्या महायुद्धात तिथे घरोघरी रद्दी गोळा करायची मोहीम चालली, त्यात ढिगाने कॉमिक्स गेली. युद्धानंतर ‘कॉमिक्समुळे मुलं बिघडतात’ अशी ओरड सुरू झाली, काही गावांत तर चक्क होळ्या केल्या. आणि उरलेली आयांनी साफसफाईत टाकून दिली. म्हणजे तो अंक महाग झाला, कारण जवळजवळ सगळ्यांनी तो कचरा समजला. १९३८ साली एकानेही तो ‘पुढे भाव येईल’ म्हणून घेतला नव्हता.

आपल्याकडेही तेच झालं. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही अंक निघायचे. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक आले. तुमच्या आईबाबांना विचारा, वेताळाचं नाव काढलं की चेहरा बघा त्यांचा!

पण ते अंक गेले कुठे? कोकणात तर विचारायलाच नको. जून ते सप्टेंबर पाऊस, हवेत ओल, माळ्यावर वाळवी, पुस्तकात कसर. त्यातून वाचलं ते रद्दीत. रद्दीतून वाण्याकडे. शेंगदाणे, मिरची, जिरं, सगळं कागदाच्या पुडीत मिळायचं तो काळ. वेताळाची अर्धी गोष्ट अशी कोणाकोणाच्या घरी पुडी बनून गेली असेल. म्हणून तर आज चांगल्या अवस्थेतला जुना इंद्रजाल हजारांत जातो.

धंद्याचा नियम बदलला

आता परत अमेरिकेत. १९७० मध्ये तिथे ओव्हरस्ट्रीट नावाच्या माणसाने जुन्या कॉमिक्सच्या भावांचं पुस्तक काढलं. कुठला अंक कुठल्या अवस्थेत कितीला जातो याची यादी. म्हणजे जे आतापर्यंत पोरांचं खेळणं होतं, त्याला छापील भाव मिळाला. सोन्याचा भाव पेपरात येतो ना, तसा.

आणि १९७३ च्या सुमारास दुसरा बदल झाला. तोपर्यंत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर विकली जायची आणि न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत जायच्या. फिल स्यूलिंग नावाच्या विक्रेत्याने नवी पद्धत आणली. दुकानदाराला जास्त सवलत मिळणार, पण माल परत घेणार नाही. या पद्धतीवर फक्त कॉमिक्स विकणारी हजारो दुकानं उभी राहिली.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. आधी अंक पडून राहिला तर नुकसान प्रकाशकाचं होतं. आता ते दुकानदाराचं झालं. प्रकाशकाच्या हिशेबात, दुकानदाराने ऑर्डर दिली की अंक ‘खपला’. पुढे तो कोणी वाचला, की गोदामात पडला, याच्याशी त्याचं काही देणंघेणं उरलं नाही.

तीन वर्षांचा ताप

१९८९ मध्ये रॉन पेरेलमन या उद्योगपतीने ८ कोटी २५ लाख डॉलरला मार्व्हल विकत घेतली. १९९१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आता दर तिमाहीला विक्री वाढलेली दाखवायची होती. वाचक रातोरात वाढत नाहीत. पण एकाच वाचकाला पाच प्रती विकता येतात!

१९९० मध्ये टॉड मॅकफार्लेनचा ‘स्पायडरमॅन’ क्रमांक १ आला. रंग बदललेली कव्हर, काही प्रती बंद पिशवीत. सगळ्या मिळून खप २५ लाखांच्या वर.

१९९१ मध्ये ‘एक्स-फोर्स’ क्रमांक १. हा पिशवीत सीलबंद आणि प्रत्येक पिशवीत पाचपैकी एक कार्ड. सगळी कार्डं हवीत? मग पाच प्रती घ्या. आणि पिशवी फोडली तर भाव पडणार, म्हणून वाचायला सहावी घ्या. खप ५० लाखांच्या आसपास.

त्याच वर्षी ‘एक्स-मेन’ क्रमांक १. एकच गोष्ट, पाच कव्हर. चार आवृत्त्या दीड डॉलरला आणि पाचवी, चारही चित्रं जोडून घडीचं कव्हर असलेली, ३ डॉलर ९५ सेंटला. एकूण प्रती ८१ लाख. हा विक्रम गिनीज बुकात नोंदलाय. तिथे नियमित कॉमिक्स वाचणारे लोक या आकड्याच्या जवळपासही नव्हते. म्हणजे उरलेल्या प्रती कोणी घेतल्या? माझ्यासारख्यांनी.

मग नोव्हेंबर १९९२. ‘सुपरमॅन’ क्रमांक ७५. सुपरमॅन मरतो! टीव्हीवर बातम्या, दुकानांबाहेर रांगा. काळ्या पिशवीतला अंक, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. जन्मात कॉमिक न वाचलेल्या लोकांनी तो घेतला, कारण त्यांना १९३८ चा अंक आठवत होता. ६० लाखांच्या वर प्रती गेल्या. गंमत म्हणजे कितीतरी पिशव्या कोणी उघडल्याच नाहीत. सुपरमॅन कसा मेला, हे त्या घेणाऱ्यांनी वाचलंच नाही.

रापण भरली की काय होतं?

मालवण किनाऱ्यावर वाढलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे रापण लावतात. मोठं जाळं अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं. एखाद्या दिवशी बांगडा तुफान लागतो. सगळे खूश. पण त्याच दिवशी शेजारच्या रापणीलाही लागलेला असतो, त्याच्या पलीकडच्यालाही. दुपारपर्यंत टोपलीचा भाव इतका पडतो की काही वेळा बर्फाचा खर्चही निघत नाही. त्या बांगड्यात खोट काही नसते, तो सगळ्यांकडे असतो एवढंच.

कॉमिक्सचं तेच झालं. ८१ लाख प्रती आणि त्यातल्या बहुतेक जपून ठेवलेल्या. एकही आई त्या टाकणार नव्हती, कारण त्या पोराच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवल्या होत्या. विकायला गेल्यावर कळलं की गल्लीत प्रत्येकाकडे तोच अंक आहे, तेवढाच कोरा.

१९९३ मध्येच काहींना हे दिसत होतं. लेखक नील गेमनने त्या वर्षी थेट दुकानदारांसमोर भाषण केलं आणि सतराव्या शतकातल्या हॉलंडमधल्या ट्युलिपच्या वेडाची आठवण करून दिली. त्याच वर्षी सुपरमॅन ‘परत’ आला. दुकानदारांनी मागचा अनुभव धरून ढिगाने ऑर्डर दिल्या आणि ढीग दुकानातच राहिले. सुपरमॅन मेला हे खरंच मानणारे लोक एकदाच फसतात. माल परत करता येत नव्हता, हे आठवतंय ना? दुकानं पटापट बंद पडत गेली. तेजीच्या काळात ती १० हजारांच्या आसपास असावीत असं धरतात; दशक संपेपर्यंत त्यातली निम्म्याहून जास्त गेली होती. आणि २७ डिसेंबर १९९६ ला खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. आज जिचे सिनेमे आपण रांगा लावून बघतो, तीच मार्व्हल.

आणि तो एक्स-मेन क्रमांक १? आजही काही डॉलरमध्ये मिळतो. १९९१ चे दीड डॉलर म्हणजे, महागाई धरली तर, आजचे साडेतीन डॉलर होतात. म्हणजे तीस वर्षं पिशवीत, कपाटात, घर बदलताना उचलून नेऊन बऱ्याच जणांचं जे झालं, ते जेमतेम मुद्दल.

मग काही नवे अंक वाढतात ते कसे?

हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी कमेंटमध्ये विचारणार, म्हणून आधीच घेतो. हो, वाढतात. १९८४ मध्ये ईस्टमन आणि लेअर्ड या दोन पोरांनी स्वतःच्या खिशातून ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’ काढलं, पहिल्या छपाईत साधारण ३ हजार प्रती. २००३ मध्ये ‘द वॉकिंग डेड’ क्रमांक १ निघाला, साधारण ७ हजार प्रती. दोन्ही आज प्रचंड महाग आहेत.

पण ते अंक निघाले तेव्हा त्यांच्यावर कुठे ‘कलेक्टर्स एडिशन’ लिहिलेलं नव्हतं. विकत घेणाऱ्यांना गोष्ट वाचायची होती. प्रती कमी होत्या कारण मागणीच कमी होती. मुद्दाम कमी ठेवून कोणी त्याची जाहिरात केली नव्हती. आणि टर्टल्सचा भाव वाढल्यावर काय झालं माहितीये? १९८६ च्या आसपास तशाच काळ्या-पांढऱ्या कॉमिक्सचा पूर आला, लोकांनी ‘हाच पुढचा टर्टल्स’ म्हणून गठ्ठे घेतले आणि वर्षभरात तोही बाजार कोसळला. म्हणजे १९९३ च्या आधी सात वर्षं ट्रेलर दाखवून झाला होता.

आता माझा डबा

गेल्या वर्षी पावसाआधी घराची कौलं बदलायची होती. पैसे कमी पडत होते. मी म्हटलं, डबा काढू. त्याच ग्रुपवर फोटो टाकले. दोन दिवसांत कळलं की माझ्याच अंकाच्या माझ्याच कव्हरच्या प्रती विकायला काढलेले आणखी पंधरा-वीस जण तिथे आहेत. सगळ्यांच्या प्रती कोऱ्या. घेणारा कोणी नाही, सगळे विकणारे! शिवाय आमचे तीन पावसाळे त्या डब्याने खाल्लेले. पिना गंजल्या होत्या, काही पिशव्यांत आतून बुरशीचे ठिपके. मुंबईच्या एसी फ्लॅटमधल्या माणसाची प्रत माझ्यापेक्षा बरी होती. अडतीस हजारांतले अकरा हजार सुटले. बाकीचा डबा अजून आहे.

हे सगळं काका बघत होते. ते माळ्यावर चढले आणि एक पत्र्याची ट्रंक खाली घेऊन आले. आजोबा मुंबईला गिरणीत होते. मे महिन्यात गावी येताना काकांसाठी मराठी इंद्रजाल आणायचे. पन्नास-साठ तरी होते म्हणतात. ट्रंकेत निघाले अकरा. बाकीच्यांचा वाळवीने भुगा केलेला. त्या अकरांतल्या एकाला कव्हर नव्हतं.

मी त्यांचे फोटो टाकले. अर्ध्या तासात तीन फोन. एका संग्राहकाने अकरा अंकांचे जे पैसे सांगितले, ते माझ्या अख्ख्या डब्याच्या दुप्पट होते. फक्त तो म्हणाला की प्रत्येक अंकावर शाईने नाव लिहिलंय, नसतं तर याहून जास्त दिले असते.

मी बघितलं. पहिल्या पानावर काकांचं नाव, ‘इयत्ता सातवी ब’ आणि खाली पत्ता. ता. मालवण, जि. रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याच्या आधीचा तो पत्ता! काकांना मी भावाचं सांगितलं. ते म्हणाले, “नाव माझा नसता तर ता पुस्तक माझा कसा?”

शेवटी त्यांनी सहा दिले, पाच ठेवले. सहांच्या पैशांत कौलं झाली. ठेवलेल्या पाचांत तो बिनकव्हरचाही आहे, कारण त्यातली गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त आवडते.

मला खरं सांगायचं तर तेव्हा थोडा रागच आला होता. मी अभ्यास करून पैसे लावले आणि बुडालो. काकांनी सातवीत अंक वाचून ट्रंकेत टाकले आणि विसरले. पण हिशेब मांडला की कळतं, काकांनाही लॉटरीच लागली होती. पन्नासातले अकरा उरले. ज्यांच्या ट्रंकेत एकही उरला नाही, त्यांच्या गोष्टी ग्रुपवर कोणी टाकत नाही. आम्ही कोडवाले याला एका बाजूचाच डेटा बघणं म्हणतो. विकला गेलेला अंक दिसतो, वाळवीने खाल्लेला दिसत नाही.

सावंतवाडीची पानं

जाता जाता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. सावंतवाडीची गंजिफा माहितीये? हाताने रंगवलेले, लाखेचा हात दिलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. एके काळी लोक यांनी खरंच खेळायचे. पानं झिजायची, हरवायची, नवा संच यायचा. मग छापील बावन्न पत्ते स्वस्तात आले आणि हा खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पानं रंगवणारे चितारी जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं. सत्त्वशीलादेवी स्वतः एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून हे काम शिकल्या आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवलं. आजही राजवाड्यात गेलात तर पानं रंगवताना बघायला मिळतात.

आज जुने संच संग्रहालयात आहेत आणि त्यांना मोल आहे. पण ते खेळायला केलेले होते. कारागिराच्या समोर खेळणारा माणूस होता, पन्नास वर्षांनंतरचा गिऱ्हाईक नव्हता.

तर मग घ्यायचं की नाही?

घ्या की! मीही घेतो अजून. फक्त पैसे देण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. एक, ‘लिमिटेड’ म्हणजे नेमक्या किती प्रती, हा आकडा अंकावर छापलाय का? नसेल तर त्या शब्दाला अर्थ नाही. दोन, हेच पुन्हा छापायचा हक्क कोणाकडे आहे? प्रकाशक उद्या नव्या कव्हरने परत काढू शकतो. तीन, ग्रुपवर या अंकातल्या गोष्टीबद्दल कोणी बोलतंय, की फक्त भावाबद्दल? आणि चार, तुम्ही राहता कुठे? कोकणात असाल तर कागद कोरडा ठेवायचा खर्च धरा. सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या वरचेवर बदला आणि डबा माळ्यावर, कौलांखाली अजिबात ठेवू नका.

आणि एक प्रत घ्या. एकच. वाचा. आजीचा प्रश्न मला अडतीस हजारांनंतर कळला, तुम्हाला फुकटात सांगितला.

माझ्या डब्यात उरलेल्या प्रतींचं काय केलं? ज्या बऱ्या होत्या त्यातल्या काही वाडीतल्या पोरांना दिल्या. परवा एकाने त्यावर पेनाने नाव घातलेलं बघितलं. क्षणभर पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू!

तुमच्या घरी माळ्यावर जुने इंद्रजाल, चांदोबा, किशोर असलं काही असेल तर या रविवारी खाली काढा, ऊन दाखवा आणि ज्याचं नाव वर लिहिलंय त्याला फोन करा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. येवा, कोकण आपलाच आसा!